वाचक विचारतात : शंभर माद्यांमागे नर किती?

मागे एकदा सांबराच्या शिंगांविषयी लिहिताना या सदरात उत्तर अमेरिकेतल्या म्यूल हरणांचा ओझरता उल्लेख आला होता. तिथे सरकारचा वन्यजीव विभागच शिकारीचे परवाने देतो आणि त्याच पैशातून हरणांची निगा राखतो, एवढे एकच वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर आलेल्या पत्रांनी या वेळचे सगळे सदर व्यापले आहे. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत संताप आहे आणि बोरिवलीहून आलेल्या पत्रात दोन्ही आहेत, म्हणून सुरुवात त्या पत्रापासून करतो.

प्रश्न : आमचा मुलगा डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिकडे होतो. शेजारच्या गृहस्थांनी गॅरेजमधला फ्रीझर उघडून वर्षभर पुरेल इतके हरणाचे मांस दाखवले आणि 'सरकारी परवान्यावर मारले आहे' असे अभिमानाने सांगितले. आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून राहणारी माणसे. चितळाला पाव घातला तरी वनरक्षक हटकतो. वन्यजीव सांभाळणारे खातेच ते मारण्याचे परवाने विकते, याला सांभाळणे कसे म्हणायचे? — एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी, बोरिवली

उत्तर : आपण म्हणता ते 'सांभाळणे' आणि तिथले 'व्यवस्थापन' हे दोन शब्द वेगवेगळ्या इतिहासातून आले आहेत, म्हणून थोडे मागे जावे लागेल. म्यूल हरीण हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातले, डोंगरउतार आणि खुरट्या झुडपांच्या कोरड्या माळांवरचे हरीण आहे. खेचरासारखे मोठे कान, शेपटीचे काळे टोक आणि धोका जाणवताच चारही पाय एकदम उचलून उसळ्या घेत पळण्याची लकब, या खुणांवरून ते ओळखता येते. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांच्या वस्त्यांना आणि शहरांतल्या बाजारांना मांस व कातडी पुरवण्यासाठी त्याची बेसुमार कत्तल झाली आणि शतक संपता संपता कित्येक खोऱ्यांमधून ते दिसेनासे झाले.

त्या धक्क्यानंतर तिथल्या समाजाने शिकार बंद केली नाही, शिकारीचा बाजार बंद केला. वन्यप्राणी हा जमीनमालकाच्या मालकीचा नसून जनतेचा आहे आणि राज्य हे त्याचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व तिथल्या न्यायालयांत १८४२च्या एका खटल्यापासून रुजत गेले होते. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याबाहेर ने-आण करणे हा केंद्रीय गुन्हा ठरवला. आजही परवान्यावर मारलेल्या रानटी हरणाचे मांस विकता येत नाही. आपल्या मुलाचे शेजारी ते आपल्याला प्रेमाने वाढू शकतात, पण अर्धा किलोसुद्धा विकू शकत नाहीत. आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून नुसती शिंगे घेऊन येणे हाही अनेक राज्यांत गुन्हा आहे.

आता पैशाचे पाहू. वन्यजीव विभागाचा खर्च बऱ्याच अंशी परवाना शुल्कातून चालतो, आणि राज्याबाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याला स्थानिकाच्या कित्येक पट शुल्क भरावे लागते. त्याखेरीज १९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा ११ टक्के उत्पादन कर त्यामुळे राज्यांच्या वन्यजीव कामांसाठी राखून ठेवला जातो. राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या यांना निम्मे-निम्मे महत्त्व देऊन या निधीची वाटणी होते. राज्याने परवान्याचा पैसा दुसऱ्या कामाला वळवला, तर हा निधी मिळण्याचा हक्कच जातो. एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्याच्या खड्ड्यात घालण्याची जी कला आपल्या ओळखीची आहे, तिला तिथे असा लगाम आहे.

माझ्या मते या व्यवस्थेत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. जो पैसा देतो त्याचे म्हणणे जास्त ऐकले जाते. दुर्बीण घेऊन फिरणारा निसर्गप्रेमी परवाना घेत नाही, त्यामुळे खात्याच्या जमाखर्चात तो दिसत नाही आणि धोरण ठरवणाऱ्या आयोगाच्या बैठकीतही त्याचा आवाज क्षीण राहतो. यावरचा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

प्रश्न : बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजले आहेत. तिथे लाखो हरणे एवढ्या मोठ्या प्रदेशात कशी मोजतात? — एक हौशी निसर्गनिरीक्षक, दादर

उत्तर : एकेक हरीण ते मोजत नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत. राज्याची विभागणी एकेका कळपाच्या भूभागात केलेली असते. कळप म्हणजे येथे शेदोनशे जनावरांचा घोळका नव्हे, तर उन्हाळी आणि हिवाळी चराई जिथे मिळून पुरी होते अशा सबंध प्रदेशातली हजारो हरणे. शिकारीचा हंगाम संपल्यावर, साधारण डिसेंबर-जानेवारीत, अधिकारी हेलिकॉप्टरने ठरलेले पट्टे पिंजून काढतात. हा काळ मुद्दाम निवडलेला आहे. जमिनीवर बर्फ असल्यामुळे हरीण उठून दिसते, नोव्हेंबरातल्या माजाचा काळ नुकताच सरलेला असल्याने नर अजून माद्यांच्या जवळपास असतात आणि त्यांची शिंगे गळालेली नसतात. त्यामुळे नर, मादी आणि त्या वर्षीचे पाडस अशी तीन रकान्यांत नोंद करता येते.

या पाहणीतून एकूण संख्येपेक्षा प्रमाणे जास्त भरवशाची मिळतात : शंभर माद्यांमागे पाडसे किती आणि शंभर माद्यांमागे नर किती. जोडीला काही माद्यांच्या आणि पाडसांच्या गळ्यात रेडिओ-संदेश पाठवणारे पट्टे घातलेले असतात. पट्टा काही तास हलला नाही की वेगळा संदेश येतो, आणि मग कोणीतरी बर्फ तुडवत जाऊन ते जनावर भुकेने मेले, पुमाने (तिकडच्या रानमांजरांतल्या सगळ्यांत मोठ्या शिकाऱ्याने) मारले की गाडीखाली आले ते पाहतो. तिसरी माहिती शिकाऱ्यांकडून येते, कारण हंगामानंतर कोणी काय मारले याची विचारणा होते. या तिन्ही धाग्यांवरून गणिती प्रतिमान बांधले जाते आणि त्यातून कळपाच्या संख्येचा अंदाज निघतो. मचाणावर जागून काढलेली आपली रात्र त्यांना नक्कीच हेवा वाटावी अशी आहे, मात्र एका पाणवठ्यावर एका रात्री आलेली जनावरे ही जंगलाची संख्या नसते, एवढे आपणही मान्य कराल.

प्रश्न : परवाने बहुतांशी नरांचेच असतात असे ऐकले आहे. सगळ्यांत देखणे, भरघोस शिंगांचे नर निवडून मारले तर पुढची पिढी दुबळी होणार नाही का? — जीवशास्त्राच्या एक शिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : या प्रश्नात सगळ्या विषयाचे मर्म आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. म्यूल हरणांत एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. त्यामुळे शंभर माद्यांमागे चाळीस नर असोत की वीस, गाभण राहणाऱ्या माद्यांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. मादी साधारण सात महिन्यांनी, जूनच्या सुमारास विते आणि धडधाकट मादीला बहुधा जुळी होतात. म्हणजे कळप वाढणार की घटणार हे माद्यांच्या जगण्यावर आणि पाडसांच्या टिकण्यावर ठरते. ज्या कळपाची संख्या ठरवलेल्या उद्दिष्टाच्या खाली आहे तिथे माद्यांचे परवाने जवळजवळ दिलेच जात नाहीत. संख्या उद्दिष्टाच्या वर गेली किंवा शेतीचे नुकसान वाढले की माद्यांच्या परवान्यांचा आकडा वाढवला जातो. कळपाची संख्या कमी करण्यासाठी शिकारीचा उपयोग होतो तो अशा वेळी.

मग नरांचे परवाने कशाच्या आधारावर ठरतात? खरे सांगायचे तर जीवशास्त्रापेक्षा माणसांच्या आवडीनिवडीवर. पुष्कळ नर मारू दिले तर अधिक लोकांना दर वर्षी शिकारीला जाता येते, मात्र कळपात पोक्त नर कमी राहतात. परवाने आवळले तर मोठ्या शिंगांचे नर दिसतात, पण एकेका परवान्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. शंभर माद्यांमागे वीस-पंचवीस नर ठेवायचे की चाळीस, हा पुष्कळसा जनमताचा प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी प्रत्येक कळपाचा व्यवस्थापन आराखडा तयार होतो, सभा भरतात, आणि त्या सभांत आपल्या प्रभागातल्या पाणीटंचाईच्या सभेइतकाच आरडाओरडा होतो.

वंश दुबळा होण्याच्या शंकेबद्दल : शिंगांचा आकार वय, पोषण आणि अनुवंश या तिन्हींवर अवलंबून असतो. त्यातला अनुवंशाचा निम्मा वाटा आईकडून येतो आणि आईला शिंगे नसल्याने शिकारी तो निवडूच शकत नाही. आज्या-पणज्यांच्या वारशापेक्षा गाभण असताना आईला काय खायला मिळाले, याचा परिणाम तिच्या पाडसाच्या पुढच्या आयुष्यावर बराच होतो. 'शिंगाला कमीत कमी चार टोके असलेलाच नर मारावा' असा नियम काही राज्यांनी करून पाहिला. लहान नर वाचतील आणि पुढे मोठे होतील, अशी त्यामागची भाबडी आशा होती. प्रत्यक्षात सगळ्या शिकाऱ्यांचा रोख पोक्त नरांवर गेला आणि चुकून मारलेले छोटे नर रानातच टाकून दिले जाऊ लागले. दीर्घकाळात पोक्त नरांचे प्रमाण वाढत नाही, असे आढळल्याने अनेक ठिकाणी हा नियम मागे घेण्यात आला, तरीही दर काही वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा मागतोच.

प्रश्न : परवाना कुणालाही मिळतो का? — एक वाचक, परळ

उत्तर : नाही. म्हाडाच्या घरांची सोडत आठवा. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत १९९९पासून हरणांचे परवाने संख्येने मर्यादित केले गेले. वसंतात अर्ज करायचा, कोणता भूभाग आणि कोणता हंगाम हवा ते लिहायचे आणि सोडतीची वाट पाहायची. नाव लागले नाही तर एक गुण पदरात पडतो आणि पुढच्या वर्षी रांगेत आपण थोडे पुढे सरकतो. मोठ्या नरांसाठी प्रसिद्ध असलेल्या भूभागांत नंबर लागायला दहा-पंधरा वर्षेही जातात. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याखेरीज परवाना घेता येत नाही. रायफलच्या हंगामात अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणेही सक्तीचे आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, माणसाला मात्र दुरून दिसतो.

प्रश्न : बर्फाळ हिवाळ्यात हरणे उपाशी मरतात हे वाचून फार वाईट वाटले. एवढे श्रीमंत सरकार त्यांना गवताच्या पेंढ्या का घालत नाही? — एक गृहिणी, मुलुंड

उत्तर : आपली कळवळ समजते, पण गवताची पेंढी या हरणाचा जीव घेऊ शकते. म्यूल हरीण हिवाळ्यात मुख्यतः झुडपांचे शेंडे आणि डहाळ्या खाते. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या खाद्याला सरावलेले असतात. एकाएकी सुके गवत किंवा धान्य पुढे आले तर ते पचवणारे सूक्ष्मजीव तयार व्हायला वेळ लागतो. पोट गवताने गच्च भरलेले आणि तरीही उपासमारीने मेलेली हरणे अधिकाऱ्यांना सापडलेली आहेत. शिवाय एका जागी खाद्य टाकले की गर्दी होते आणि गर्दीबरोबर रोग पसरतो. त्यामुळे अगदी अपवादात्मक हिवाळ्यात, खास बनवलेल्या गोळ्यांच्या रूपातच काही राज्ये खाद्य देतात.

हे हरीण हिवाळ्यात तसेही पोटभर खाऊ शकत नाही. शरदात साठवलेल्या चरबीवर ते थंडी काढते, आणि चांगल्या हिवाळ्यातही त्याचे वजन घटतच जाते. लहान अंगाची पाडसे आधी दगावतात. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायोमिंग या राज्याच्या पश्चिम भागात बर्फ इतका खोल पडला आणि इतका काळ टिकला की वायोमिंग रेंज नावाच्या कळपातली, संशोधकांनी पट्टे घातलेली जवळजवळ सगळी पाडसे मेली आणि प्रौढ माद्याही निम्म्याहून अधिक गेल्या. खात्याने लगोलग परवाने कापले. पण मला इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते : परवाने कापल्याने ती पाडसे परत आली नाहीत. हवामान, चराई, महामार्ग, तेलविहिरी आणि शिकारी या सगळ्यांत दर वर्षी हाताने फिरवता येईल असे बटण शिकारीचे एकटेच आहे. म्हणूनच कळप घटला की सगळे जण त्या बटणाकडे धावतात, मग रोग दुसरीकडे असला तरी.

तो रोग कुठे असतो ते वायोमिंगमधल्या स्थलांतराच्या अभ्यासातून दिसले. रेड डेझर्ट नावाच्या ओसाड माळावर हिवाळा काढणारी काही हरणे वसंतात सुमारे २४० किलोमीटर चालत होबॅकच्या डोंगरांत जातात, हे २०१४मध्ये जगापुढे आले. त्यांच्यातल्या २५५ क्रमांकाच्या मादीने २०१६मध्ये तब्बल ३९० किलोमीटर चालून शेजारचे आयडाहो राज्य गाठले. मुंबईहून कोल्हापूरला पायी जावे तसे, आणि तेही गाभण असताना. ही हरणे घाईने चालत नाहीत. डोंगरावर बर्फ वितळत जाईल तसतशी जी कोवळी पालवी वर वर सरकते तिच्या मागोमाग ती जातात, आणि आईने दाखवलेली वाट पाडस लक्षात ठेवते. वाट मध्येच तुटली तर ती वाट ठाऊक असलेला कळपही संपतो. वायोमिंगमधल्याच पाइनडेल परिसरातल्या वायू-विहिरींच्या भोवताली हरणे वर्षानुवर्षे फिरकत नाहीत आणि पंधरा वर्षांत तिथल्या हिवाळी संख्येत ३६ टक्के घट झाली, असे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

म्हणून श्रीमंत सरकारने पेंढ्यांऐवजी पैसा घालायला हवा तो वाटांवर. कोलोरॅडोच्या ९ क्रमांकाच्या महामार्गावर २०१६पर्यंत प्राण्यांसाठी दोन उड्डाणपूल, पाच भुयारी मार्ग आणि दुतर्फा उंच कुंपण बांधले गेले, तेव्हा तिथले प्राण्यांचे अपघात सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले. कुंपणांची सगळ्यांत खालची तार बिनकाट्याची करून जमिनीपासून हातभर वर ठेवली की पाडस खालून सरपटून जाते, आणि वरची तार साडेतीन फुटांच्या आत असली की मोठे जनावर उडी मारून जाते. आयडाहोत तर शिकारी आणि शाळकरी मुले मिळून वणव्याने उजाड झालेल्या उतारांवर बिटरब्रश या झुडपाची रोपे हाताने लावतात. आपल्याला हरणांना खाऊ घालायचेच असेल, तर खाऊ घालण्याची ही रीत मला पसंत आहे.

प्रश्न : आमच्या परिसरशास्त्राच्या पुस्तकात कैबाबच्या हरणांचा आलेख होता : भक्षक मारले, हरणे वाढली, मग उपासमारीने मेली. सरांनी सांगितले की तो आलेख आता चुकीचा मानतात. खरे काय? — महाविद्यालयीन विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : आपले सर आणि पुस्तक, दोघेही थोडे-थोडे बरोबर आहेत. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर कैबाब पठार आहे. १९०६मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते शिकारबंदीचे राखीव क्षेत्र केले. सरकारी शिकाऱ्यांनी पुमा, कोल्ह्यासारखे कोयोटी आणि लांडगे मारले. सुरुवातीला चार हजार समजली जाणारी हरणे १९२४पर्यंत किती झाली याचे त्या काळी केलेले अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत जातात, आणि पुस्तकातल्या आलेखाने त्यातला सगळ्यांत नाट्यमय आकडा उचलला. १९७०मध्ये परिसरशास्त्रज्ञ ग्रॅम कॉघली यांनी हे आकडे तपासून दाखवून दिले की त्याच काळात पठारावरची मेंढ्या-गुरांची चराईही घटली होती, त्यामुळे सगळे श्रेय किंवा सगळा दोष भक्षकांना देता येत नाही. पुढे २००६मध्ये ॲस्पेन वृक्षांच्या वयाचा अभ्यास झाला, तेव्हा हरणे अफाट वाढल्याच्या काळात उगवलेली झाडे फारशी सापडली नाहीत. म्हणजे कोवळी रोपे त्या काळी खरोखरच फस्त होत होती. आलेखाचे शिखर खोटे असेल, चढण मात्र खरी होती.

या कथेतला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग पुस्तकात बहुधा नसतो. १९२४च्या डिसेंबरात काही लोकांनी हजारो हरणांना हाकारा घालून ग्रँड कॅन्यनच्या दरीतून पलीकडच्या काठावर नेण्याचा घाट घातला. घोडेस्वार, पायी हाकारे, गळ्यातल्या घंटांचा गलबला असा सगळा जामानिमा होता, आणि त्यात हिमवादळ आले. हरणे हाकाऱ्यांच्या मधून मागच्या मागे पसार झाली आणि एकही पलीकडे गेले नाही. शेवटी वनखात्याने हरणे मारून संख्या कमी करायला घेतली, राज्याने त्याला आव्हान दिले आणि १९२८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली जमीन वाचवण्याचा केंद्राचा अधिकार मान्य केला.

आज भक्षक मारल्याने हरणे वाढतात का, याचीही परीक्षा झाली आहे. आयडाहोच्या आग्नेय भागात १९९७ ते २००३ या काळात कोयोटी आणि पुमा मुद्दाम कमी करून पाहिले, पण कळपांच्या वाढीत टिकाऊ फरक पडला नाही. पाऊसपाणी आणि हिवाळा यांचाच वरचष्मा दिसला. कोलोरॅडोच्या अनकंपाग्रे पठारावर याच्या उलट बाजूने प्रयोग झाला : हरणांना हिवाळ्यात पौष्टिक खाद्य दिले, तेव्हा भक्षकांना हात न लावताही जास्त पाडसे जगली. जे पाडस कोयोटीने मारले ते पुष्कळदा आधीच भुकेने खंगलेले असते, असा याचा अर्थ. (मुलुंडच्या बाईंनी इथे मला पकडू नये, तो प्रयोग होता आणि त्यातले खाद्य खास बनवलेले होते.)

प्रश्न : मुलाच्या घरी आम्हाला ते मांस आग्रहाने वाढले गेले आणि मी खाल्ले. आता हरणांच्या मेंदूच्या कसल्याशा रोगाविषयी ऐकतो आहे. काळजी करावी का? — वरचेच गृहस्थ, बोरिवली

उत्तर : आपण क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगाविषयी ऐकले असावे. १९६७मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त म्यूल हरणांत तो प्रथम दिसला आणि १९८१मध्ये मोकळ्या रानातल्या एल्क या मोठ्या हरणामध्ये आढळला. आता तो अमेरिकेच्या ३०हून अधिक राज्यांत पोहोचला आहे. विकृत प्रथिनांमुळे मेंदू हळूहळू पोखरला जातो, जनावर झिजत जाते आणि मरते. त्यावर लस नाही, उपचार नाही, आणि ही प्रथिने मातीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे, कारण साध्या शिजवण्याने ही प्रथिने नष्ट होत नाहीत. कोलोरॅडोत मारलेल्या हरणाच्या डोक्यातल्या लसिका ग्रंथींची तपासणी करून घेता येते आणि काही भूभागांत, काही हंगामांत ती सक्तीची असते. मुलाला सांगून शेजाऱ्यांना एवढेच विचारा : तपासणी केली होती का आणि अहवाल काय आला?

या रोगाने खात्यांना एका विचित्र पेचात टाकले आहे. बाधेचे प्रमाण प्रौढ नरांत माद्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. कोलोरॅडोच्या आराखड्यानुसार एखाद्या कळपातल्या प्रौढ नरांत ५ टक्क्यांहून अधिक बाधा दिसली की उपाययोजना करावी लागते, आणि तो उपाय बहुधा नरांचे परवाने वाढवणे हाच असतो. ज्या शिकाऱ्यांनी पंधरा वर्षे रांगेत थांबून पोक्त नरांचा कळप घडवला, त्यांनाच आता 'ते पोक्त नर कमी करा' असे सांगावे लागते. सभांतला आरडाओरडा मी वर सांगितलाच आहे. या विषयावर तो सर्वांत मोठा होतो.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित शेती अकोल्याकडे आहे. रोही आणि रानडुकरे उभे पीक लोळवतात. अमेरिकेसारखे परवाने आपल्याकडे का नकोत? — एक नोकरदार, घाटकोपर

उत्तर : आपला त्रास खरा आहे आणि वनखात्याच्या नुकसानभरपाईने तो पुरा भरून निघत नाही, हेही खरे आहे. मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार हा छंद म्हणून उरलेला नाही. माणसाला किंवा पिकाला धोका असेल तर ठरावीक प्रक्रियेने परवानगी देता येते, आणि एखादी प्रजाती ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्राला आहे. २०१५च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय (म्हणजेच आपला रोही) आणि रानडुक्कर असे जाहीर झाले, आणि २०१६मध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावर देशभर वाद झाला. मला त्यात खटकले ते वेगळेच : मारण्यापूर्वी किती होत्या, त्यात माद्या किती होत्या, मारल्यावर किती उरल्या आणि पुढच्या हंगामात पीक किती वाचले, यांचे हिशेब लोकांपुढे आलेच नाहीत. कोलोरॅडोच्या परवान्यामागे हेलिकॉप्टर, गळपट्टे, कळपाचा आराखडा आणि राखून ठेवलेला निधी असतो. ते सगळे वगळून नुसती बंदूक आणली, तर आपल्या शेताची राखण एक हंगाम होईल, फार तर दोन. अकोल्याच्या शेतात रोह्यांचा कळप कुठून येतो, दिवसा कुठे थांबतो आणि त्यात माद्या किती आहेत, याची नोंद तरी कुणी ठेवतो का, हे आपण आधी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारावे.

प्रश्न : त्या हरणांची शिंगे दर वर्षी पडतात ना? मग सापडली तर घरी नेता येतात का? मी सहावीत आहे. — एक विद्यार्थी, गोरेगाव

उत्तर : होय, नराची शिंगे हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंतात मखमली कातडीखाली नवी फुटू लागतात. काळविटाचे तसे नसते, त्याची शिंगे जन्मभराची असतात. तिकडे अनेक सार्वजनिक जमिनींवर पडलेली शिंगे गोळा करता येतात आणि त्यांना चांगला भाव असल्याने लोक त्यांच्या मागे हात धुऊन लागतात. मात्र शिंगे शोधणाऱ्यांच्या गाड्या आणि कुत्री यांच्यामुळे उपाशी हरणांना पळावे लागते, आणि फेब्रुवारीत खर्ची पडलेली शक्ती त्यांना पुन्हा मिळत नाही. म्हणून कोलोरॅडोच्या पश्चिमेकडच्या मोठ्या भागात १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगे उचलायला बंदी असते. आपल्या राष्ट्रीय उद्यानात चितळाचे शिंग पडलेले दिसले, तर ते मात्र कोणत्याच महिन्यात घरी आणता येत नाही. तिथेच राहू द्यावे. साळिंदराला ते कुरतडायला आवडते.